पवनीला कामाशिवाय

एखादी गोष्ट पटली नाही, की आमच्या घरी बायको आधी हातातलं काम थांबवते. परवा वांगी चिरता चिरता तिचा हात विळीवर थांबला.

"पवनीले? सहलीले? पवनीले का सहलीले जाते जी कोनी?"

तिचं बरोबर होतं. आमच्या भंडारा जिल्ह्यात पवनीला माणूस कामानं जातो. तहसीलचा कागद, कोर्टाची तारीख, पोरीसाठी स्थळ, धानाचे पैसे, लग्नाचं लुगडं. आणि घरातलं कोणी गेलं, की अस्थी. वैनगंगेच्या काठानं घाटांची आणि देवळांची एवढी दाटी, की लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. काशीला ज्या कामासाठी जायचं, त्याच कामासाठी आम्ही पवनीला जातो. त्या घाटावर पुऱ्यांचा डबा उघडून बसायचं आणि मोबाइल समोर धरून हसायचं, हे तिच्या मनात शिरेना.

चूक माझ्या जिभेची. पुण्याची भाची दिवाळीनंतर चार दिवस येणार आहे. ती, जावई आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. फोनवर म्हणाली, "मामा, एक दिवस जवळपास कुठंतरी जाऊ. काहीतरी जुनं असेल, नदी असेल, थोडं जंगल. फार दगदग नको." रामटेक तिचं लहानपणीच झालेलं, नागझिरा दोनदा, आंभोरा मागच्या खेपेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "पवनी."

"अच्छा? तिथं बघण्यासारखं काय आहे?"

आणि मी गप्प झालो. खरं तर या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं कोणाजवळ असू नये, कारण मी पवनीला तीन वर्षं रोज गेलेलो आहे.

1996 च्या जूनपासून 1999 च्या मेपर्यंत मी तिथल्या एका बँकेत कारकून होतो. भंडाऱ्याहून पवनी पन्नासेक किलोमीटर. पहेला, अड्याळ, कोंढा आणि मग पवनी. सकाळी आठची एसटी, संध्याकाळी साडेपाचची परतीची. याला आमच्याकडं अपडाऊन म्हणतात. अपडाऊन करणाऱ्याला गाव दिसत नसतं, घड्याळ दिसतं. अड्याळला डोळा उघडला की अर्धी वाट सरली. कोंढा आलं की केस विंचरायचे. पवनीत उतरून किल्ल्याच्या जुन्या दरवाज्याकडच्या टपरीवर एक चहा मारायचा, की पुढं संध्याकाळपर्यंत काउंटरची जाळी. पवनी मी त्या जाळीतून पाहिली. रेशीमकाठी विणणारे कोष्टी यायचे. मासळीचा वास अंगावर घेऊन ढीवर यायचे आणि त्या वासानं स्वतःच संकोचून रांगेत एक हात मागं उभे राहायचे. शेतकरी कर्जाची नोटीस घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात आणायचे आणि ती मला दाखवायची की लपवायची, याचा निर्णय रांगेत उभ्या उभ्या घ्यायचे. किती अंगठे मी शाईच्या पॅडवर दाबले असतील! कोणाचा अंगठा नांगरामुळं, कोणाचा जाळ्यामुळं इतका झिजलेला, की कागदावर रेघच उमटायची नाही.

त्या तीन वर्षांत चहाच्या टपरीवर मी ज्या दरवाज्याला टेकून उभा राहायचो, तो किती जुना, हे मी एकदाही कोणाला विचारलं नाही. तीन बाजूंना मातीची तटबंदी आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी, असं ते सगळं गाव आखलेलं आहे. मला त्या तटाचा उपयोग एकच माहीत होता. साडेपाचची गाडी चुकली, की दुसरी येईपर्यंत त्याच्या सावलीत उभं राहता यायचं.

एकदाच मी त्या गाडीनं दुसऱ्या कामासाठी गेलो. 1998 च्या हिवाळ्यात वडील गेले. अस्थी घेऊन मी आणि धाकटा भाऊ त्याच आठच्या एसटीत बसलो. भंडाऱ्याच्या कासाराकडचा पितळी लोटा, वर लाल कापड बांधलेलं. कंडक्टर रोजचा. रोज तो माझा पास न बघता नुसता "हं" म्हणायचा. त्या दिवशी त्यानं मांडीवरचा लोटा पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि तो "हं"सुद्धा म्हणाला नाही. माझ्या शेजारची जागा त्यानं पवनीपर्यंत रिकामी ठेवली, अड्याळला गाडी भरून माणसं दांडीला लोंबत होती तरी. वैजेश्वराच्या घाटावर गुरुजींनी सांगितलं तसं केलं, गुडघाभर पाण्यात उभे राहिलो, लोटा रिकामा केला. परतताना बँकेवरून गेलो. आत माझी खुर्ची रिकामी दिसली. दहाव्याला सुट्टी, तेराव्याला सुट्टी, चौदाव्या दिवशी पुन्हा आठची गाडी.

तेव्हा भाचीला काय सांगणार? पवनीत एक काउंटर आहे आणि एक घाट आहे, एवढंच त्या क्षणी मला आठवलं. पण तोंडातून शब्द गेला होता, म्हणून कालनिर्णयच्या जुन्या पानामागं मी यादी करायला घेतली.

यादी होण्याआधीच जावयाचा एक्सेलचा तक्ता आला. पुण्यात बसून, मोबाइलवर शोधून त्यानं दिवस कापून ठेवला होता. सात वाजता निघणे. सव्वाआठ, स्तूप, तीस मिनिटं. पावणेनऊ, गणपती, पंधरा मिनिटं. साडेनऊ, धरण. साडेदहा, नाश्ता. आणि मधेमधे हिरव्या रंगात "बफर, वीस मिनिटं". बफर म्हणजे काय, विचारलं. "मामा, अनपेक्षित काही झालं तर." पवनीत अनपेक्षितासाठी वीस मिनिटं पुरतील असं मला वाटेना, पण जावयाला कोण सांगणार!

पहिला खटका स्तुपाच्या तीस मिनिटांवरच उडाला.

जगन्नाथ टेकडी दिसायला नुसती टेकडी आहे. वर जगन्नाथाचं देऊळ, म्हणून तिचं हे नाव. पिढ्यान् पिढ्या लोक वर चढले, हात जोडले, उतरले. 1969-70 साली नागपूर विद्यापीठाच्या आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी तिथं खणायला घेतलं. विद्यापीठाकडून शां. भा. देव, सर्वेक्षणाकडून जगत्पती जोशी. टेकडीच्या आत टेकडी नव्हतीच. आत विटांचा प्रचंड स्तूप निघाला, इसवी सनापूर्वीच्या शतकांतला, त्याच्याभोवतीच्या दगडी कठड्याच्या खांबांसकट. चांदकापूर टेकडीच्या पोटातही स्तूप होता. म्हणजे पवनी ही बौद्धांची मोठी जागा होती, आणि गाव तिच्यावर झोपून राहिलं होतं. झोपून हा शब्द मी इतरांसाठी वापरत नाही. मी रुजू होण्याच्या दोनच वर्षं आधी, 1994 मध्ये, सर्वेक्षणाचं पवनीत आणखी एकदा खोदकाम झालं होतं. टपरीवर त्याच्या गोष्टी चालायच्या. कोणी म्हणे सोन्याची नाणी निघाली, कोणी म्हणे रात्रीच ट्रकमध्ये भरून नेली. मी बशीतला चहा संपवून बँकेत जायचो.

टेकडीवर मी पहिल्यांदा चढलो ते निवृत्तीनंतर, एका लग्नाला पवनीत गेलो असताना. मुहूर्त लांबला होता, ऊन कलतं होतं आणि हातात काही काम नव्हतं. माझ्या आयुष्यात पवनीत हातात काम नसण्याची ती पहिली वेळ. वर शेळ्या चरत होत्या. उघड्या पडलेल्या विटा मी हातानं मोजून पाहिल्या, आपल्या आजच्या विटेहून चांगल्याच मोठ्या. एका पोरानं विचारलं, "काका, का शोधून राह्यले?" काय सांगू? "काही नाही" म्हणालो. त्याला ते पटलं नाही. कामाशिवाय कोणी इथं वाकून विटा बघत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

त्यानंतर मात्र मी मिळेल ते वाचलं. मला सगळ्यात आवडलं ते खांबांवरचं लिहिणं. कठड्याचा एकेक दगड एकेका माणसानं दिलेला, आणि त्याच्यावर ब्राह्मी लिपीत त्या देणाऱ्याची दोन-तीन शब्दांची नोंद, अमक्याचं दान. राजाचा जयजयकार नाही, विशेषणांची माळ नाही. नाव आणि जमा रक्कम. मी आयुष्यभर ज्या नोंदी केल्या त्यांच्यात आणि या नोंदींत फरक इतकाच, की माझ्या खतावण्या पस्तीस वर्षांत वाळवीनं खाल्ल्या. तिथं एका खांबावर फणा उभारलेला नाग आहे आणि शेजारी त्याचं नाव कोरलेलं आहे, मुचलिंद. बुद्ध ध्यानाला बसले असताना अवेळी पाऊस लागला, तेव्हा सात दिवस त्यांच्या डोक्यावर फणा धरून राहिलेला तो नाग. आमच्या मुलखात नागपूर, नागझिरा, नागभीड, नागनदी. नाग शब्दाशिवाय इथं चार कोस जाता येत नाही. त्याचा आणि या नागाचा संबंध लावायला मी विद्वान नाही, पण इथल्या माणसाला तो नाग परका वाटला नसणार.

पवनीनं दुसऱ्याही चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. भार घराण्यातल्या भगदत्त राजाचा लेख असलेली पादुकांची शिळा इथली. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला छायास्तंभ इथला. वा. वि. मिराशींसारख्या माणसानं त्या चिठ्ठ्या वाचल्या. पण पवनीत निघालेलं बरंच काही पवनीत नाही, नागपूरला आहे. तिकडं अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात जाऊन पाहावं लागतं. त्यामुळं पवनीची सहल खरी म्हणजे दोन दिवसांची, एक दिवस पवनीत आणि एक दिवस नागपुरात. हे मी जावयाला कळवलं. त्यानं तक्त्यात एक नवीन रकाना घातला.

अजून एक गोष्ट मला त्या टेकडीवर सुचली होती, तीही त्याला लिहायची होती, पण एक्सेलमध्ये ती कुठं बसवावी कळेना. 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. आमच्या जिल्ह्याच्या नावावर तो डाग आहे. आमचे वडील त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. त्या निवडणुकीच्या वेळी जगन्नाथ टेकडी नुसती टेकडी होती. दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात दीक्षा झाली. आणि त्यानंतर तेरा वर्षांनी पवनीच्या मातीतून स्तूप वर आला. ज्या जिल्ह्यानं त्यांना पाडलं, त्याच जिल्ह्याच्या पोटात हे तेव्हाही होतं. आज पवनीजवळ रुयाड-सिंदपुरीला महासमाधीभूमीचा नवा, पांढरा, मोठा स्तूप उभा आहे. तिथं दुरून माणसं येतात. जावयाच्या यादीत तो होता, आणि फोटो चांगला येईल म्हणून होता. माझ्या यादीत तो टेकडीनंतर लगेच आला, कारण जुना स्तूप पाहून झाल्यावरच नवा कळतो. इथं आमचं दोघांचं एकमत झालं, कारणं वेगळी असली तरी.

गणपतीवर वाद झाला नाही. पवनीचा सर्वतोभद्र गणेश विदर्भाच्या अष्टविनायकांतला. त्यातला दुसरा, मेंढ्याचा भृशुंड, आमच्या भंडाऱ्यातच आहे. बायको म्हणाली, "घरचा आधी करा, मंग पवनीचा." म्हणजे सातऐवजी साडेसहाला निघायचं.

खरा पेच जंगलाचा. मुलाला वाघ पाहिजे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला पवनीकडूनही फाटक आहे. सकाळच्या फेरीला आत शिरायचं, तर भंडाऱ्याहून साडेचारला निघावं लागतं. आणि सकाळ जंगलात गेली की टेकडीवर बाराच्या उन्हात चढायचं. मी मुलाला फोनवर जयची गोष्ट सांगितली. जय हा नागझिऱ्यातला वाघ. 2013 मध्ये तो तिथून एकटा निघाला. राष्ट्रीय महामार्ग ओलांडला, वैनगंगा ओलांडली, धानाच्या बांध्यांतून, गावांच्या कडेनं शंभरावर किलोमीटर चालत कऱ्हांडल्याला आला आणि तिथंच राहिला. एवढा मोठा, की त्याला पाहायला मुंबईहून गाड्या यायच्या. गळ्यात कॉलर होती. 2016 च्या एप्रिलनंतर तो कोणालाच दिसला नाही. वनखात्यानं शोधलं, गावागावांत विचारलं, चौकशा झाल्या. काही हाती लागलं नाही.

"मग तो कुठं गेला?" मुलानं विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हणालो, तो ज्या वाटेनं आला, त्या वाटेवरून आपली गाडी जाणार आहे. तेवढ्यावर तो गप्प बसला आणि जरा वेळानं म्हणाला, "मग जंगलात नाही गेलो तरी चालेल. आपण ती वाट बघू." जंगल यादीतून निघालं. आठवड्यातून एक दिवस ते बंदच असतं आणि आधी नोंदणी करावी लागते, हेही मी जावयाला कळवून टाकलं. सगळं श्रेय मुलाला देणं बरं नव्हे.

आंभोरा मीच काढला. पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ, विवेकसिंधूकर्त्या मुकुंदराजांशी जोडलेलं नाव, आणि आता केबलवर तोललेला नवा पूल. पण ती वेगळी दिशा आहे, आणि तिला वेगळा दिवस लागतो.

राहिलं धरण. त्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि ते ठेवायचं की काढायचं हे अजून ठरलेलं नाही.

गोसेखुर्दची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. सुरुवातीचा अंदाज 372 कोटींचा. पुढं आकडा हजारो कोटींत गेला, वर्षांचीही तीच गत. मी बँकेत होतो तेव्हा भिंत चढत होती. माझ्या खतावणीतल्या पत्त्यांच्या रकान्यात जी गावं होती, त्यातली कितीतरी पुढं पाण्याखाली गेली. नावं उचलून पुनर्वसनाच्या वसाहतींना लावली. एक म्हातारी होती. दर महिन्याला यायची, पासबुक पुढं करायची आणि म्हणायची, "पाहा बाप्पा, माह्या गावचं नाव हाय ना?" पैसे किती आहेत, ते तिनं कधी विचारलं नाही. मी पत्त्यावर बोट ठेवून वाचून दाखवायचो. ती मान हलवायची नि जायची. तिचं गाव बुडेल तेव्हा हा पत्ता खोडून दुसरा लिहावा लागेल, हे मला दिसत होतं. माझी बदली झाली, ते काम दुसऱ्या कोणाला करावं लागलं असेल.

जावयाच्या तक्त्यात धरणापुढं "बोटिंग, पाऊण तास" असं लिहिलं होतं. पाणी सुंदर दिसतं यात शंका नाही. हिवाळ्यात सकाळी धुकं उतरलं की समोरचा काठ नाहीसा होतो आणि समुद्र पाहिल्यासारखं वाटतं. अकरा किलोमीटरची भिंत, 33 दरवाजे. पण त्या पाण्यात नागपूरचं सांडपाणीही आहे. नागनदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला. काठाशी जलपर्णी दाटते. पुण्याच्या माणसानं मुळा-मुठा पाहिलेली असते, त्याला फार समजवावं लागत नाही. आणि तेच पाणी रागावलं, की काय करतं ते आम्ही 2020 च्या ऑगस्टअखेरीस पाहिलं. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी आलं, गोसेखुर्दचे 33 च्या 33 दरवाजे उघडले. भंडाऱ्यात आमच्या ओळखीच्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. चिखल काढायला आठ दिवस लागले.

मी धरणावर एवढा अडून बसलो आहे, हे पाहून बायको वांगी बाजूला सारून यादीजवळ आली. पेन्सिलनं मी नदी काढली होती. वर भंडारा, खाली आंभोरा, मग धरणाची आडवी रेघ, आणि रेघेच्या खाली पवनी. तिनं रेघेवर बोट ठेवलं.

"हे पवनीच्या वर हाय?"

"हो."

"म्हनूनच," ती म्हणाली. "म्हनूनच आता लोक पवनीलेच नेतेत. वर सोडलं त भिंतीपाशी अडून राह्यते ना. मामंजीचं बरं झालं, पवनीले नेलं."

तीस वर्षं नदीच्या काठानं हिंडलो, हिशोब शिकलो, नकाशे पाहिले, पण ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. वडिलांच्या अस्थी धरणाच्या खाली सोडल्या गेल्या. वैनगंगा पुढं वर्धेला मिळते, दोघी मिळून प्राणहिता होतात, प्राणहिता गोदावरीला. अडवणारं पुढंही कोणी असेलच, पण या भिंतीनं तरी त्यांना अडवलं नाही. लोकांनी कोणतं शास्त्र विचारून हे ठरवलं, कोणास ठाऊक! बायकोनं माझ्या रेघेवरून ते पाच सेकंदांत वाचलं आणि पुन्हा विळीवर जाऊन बसली.

त्यानंतर यादी आपोआप छोटी झाली. पण एक अडचण राहिली होती, मंडईची. दिवाळी संपली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, बाजार, पाळणे, रात्रभर नाटक. पाहुणे इतके येतात, की रस्त्यावर बैलबंडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल, सगळं एकमेकांत अडकतं. आमच्या वाटेवरच्या कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी, हे मोबाइलवर सापडत नाही. त्याला अड्याळच्या बसस्टँडवर ओळखीचा माणूस लागतो. माझा आहे. अपडाऊनची तीन वर्षं अगदीच वाया गेली नाहीत. त्यानं सांगितलं, गुरुवारी वाट मोकळी. जावयाच्या तक्त्यात शनिवार होता. गुरुवार झाला.

जेवण घरून. इथं बायकोनं तक्त्याकडं पाहिलंही नाही. पुऱ्या, वांग्याची सुकी भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा, जो पुण्याच्या माणसाला चमच्याच्या टोकावर द्यायचा. कापणी झालेल्या बांध्यांत तेव्हा लाखोळी उगवायला लागलेली असेल, धानाचे पुंजणे उभे असतील. एखाद्या तलावाच्या पाळीवर बसून जेवू. आमच्या जिल्ह्यात त्यासाठी जागा शोधावी लागत नाही. जिथं भूक लागते, तिथं तलाव असतो.

आता यादीत चार ओळी आहेत. मेंढ्याचा गणपती. जगन्नाथ टेकडी, वेळ लिहिलेली नाही. रुयाडचा स्तूप. वैजेश्वराचा घाट. सर्वतोभद्राचं दर्शन वाटेत होईल, त्याला ओळ कशाला. धरणापुढं मी प्रश्नचिन्ह काढलंय. ते मुलावर सोडलं आहे.

"घाटावर काय करायचं?" जावयानं काल विचारलं. त्याचा तक्ता तिथं रिकामा होता. घाटावर कामाशिवाय किती वेळ बसायचं असतं, हे मलाही माहीत नाही. "बसायचं," म्हणालो. त्यानं रकान्यात "बफर" लिहिलं.

बायको येणार की नाही, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. पण आज सकाळी माळ्यावरून आईचं पवनीचं जुनं लुगडं काढून तिनं उन्हात टाकलंय. रेशीमकाठ अजून शाबूत आहे.

तुमच्यापैकी कोणी पवनीला कामाशिवाय जाणार असेल, तर एवढं ऐका. टेकडीवर सकाळी जा, विटांवर पाय देऊ नका. आणि घाटाच्या पायऱ्या उतरण्याआधी वरच्या चहावाल्याला विचारा, धरणाची दारं उघडी आहेत का. त्याला माहीत असतं.